विज्ञानपट अंगावर येतो तेव्हा नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंतराळात घडणारा एक गाजलेला विज्ञानपट आधी घरी टीव्हीवर पाहिला, तेव्हा जांभया आल्या. तोच पुढे मोठ्या पडद्यावर पाहिला आणि भारावून जायला झालं. पण दोन दिवसांनी कुणाला कथा सांगायला घेतली तर ती चार वाक्यांत संपली. मग सिनेमा चांगला होता की नुसता पडदा मोठा होता? आणि थ्रीडीत पाहिलं की डोकं का दुखतं?

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या दृश्य-करामतींच्या विभागात, कॉम्पोझिटर म्हणून काम करतो. कॅमेऱ्याने टिपलेलं, संगणकावर तयार केलेलं आणि हाताने रंगवलेलं असं सगळं एका फ्रेममध्ये जोडायचं आणि जोड दिसू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. त्यात यानं, ग्रह आणि पोकळी यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे उत्तर कारागिराच्या बाजूने देतो. समीक्षक कदाचित वेगळं सांगेल.

पडदा आणि सिनेमा ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही झाल्याशिवाय भारावणं होत नाही. आधी पडद्याचं पाहू, कारण ते सरळ भूमितीचं आहे.

हात पुढे ताणून अंगठा उभा धरलात तर त्याची रुंदी डोळ्यापाशी साधारण २ अंशांची भरते. आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं ते जवळपास एवढंच. बाकी सगळं कडेच्या नजरेतून येतं. ती नजर अक्षरं वाचू शकत नाही, रंगातही कच्ची असते, पण हालचाल टिपण्यात फार तरबेज असते. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो. तो ३ मीटरवरून पाहिला तर डोळ्यापाशी २३ अंशांचा कोन होतो. थिएटरच्या मधल्या रांगेत हाच कोन ४० अंशांच्या आसपास जातो आणि पडद्याच्या रुंदीइतक्याच अंतरावर बसलं तर ५३ अंश. म्हणजे टीव्हीवर यान सरकतं तेव्हा सोफा, भिंत, पंखा हे सगळं कडेच्या नजरेला स्थिर दिसत असतं. मेंदू निर्णय देतो की मी जागेवर आहे, ती पेटीतली वस्तू हलतेय. मोठ्या पडद्यावर कडेची नजरही त्या हालचालीने भरून जाते आणि निर्णय उलटा लागतो. स्थानकावर शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, त्यातलाच हा प्रकार. शास्त्रीय भाषेत याला व्हेक्शन म्हणतात. पोटात खड्डा पडतो तो यामुळे. त्यात दिग्दर्शकाची कला अजून आलेलीच नाही.

पण कोन म्हणजे सर्वस्व नव्हे. १५ सेंटीमीटर रुंदीचा फोन आडवा करून ४० सेंटीमीटरवर धरला तर कोन २१ अंशांचा होतो, टीव्हीपेक्षा थोडासाच कमी. तरीही फोनवरचा ग्रह कधी ग्रह वाटत नाही. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर वळलेले असतात, डोळ्यातल्या भिंगाचे स्नायूही जवळचं पाहण्यासाठी ताणलेले असतात, आणि मेंदूला पक्कं ठाऊक असतं की ही तळहाताएवढी वस्तू आहे. थिएटरातला पडदा काही मीटर लांब असतो, डोळे सैल असतात, आणि अंधारात पडद्याच्या कडा जवळपास नाहीशा होतात. आकार मोजायला समोर काही उरत नाही. आता सिनेमा जे माप देईल तेच खरं.

इथून आमचं काम सुरू होतं आणि मला मुख्यतः याच्याबद्दलच बोलायचं आहे. भव्य दिसायला वस्तू मोठी असावी लागत नाही. डोळ्याला मोजायला काहीतरी द्यावं लागतं आणि मोजायला वेळ द्यावा लागतो.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये सुरुवातीलाच डोक्यावरून जाणारं ते अजस्र यान म्हणजे जेमतेम ३ फुटांचं मॉडेल होतं. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल ५४ फुटांचं होतं. दोन्ही पडद्यावर प्रचंड दिसतात. वाट मात्र वेगवेगळी आहे. पहिल्यात यान फ्रेमच्या वरच्या कडेतून आत येतं आणि येतच राहतं. आता संपेल, आता संपेल असं वाटत असताना अजून पुढे काहीतरी शिल्लक असतं. यानाची लांबी तुम्ही सेकंदांत मोजत असता. दुसऱ्यात कारागिरी भिंगाची आहे. लहान वस्तू जवळून टिपली की फोकसच्या पुढचं-मागचं धूसर होतं, आणि डोळ्याला हे बरोबर माहीत असतं: धूसर झालं म्हणजे वस्तू छोटी. ते टाळायचं तर भिंगाचं तोंड अगदी बारीक ठेवावं लागतं. मग प्रकाश कमी पडतो, म्हणून एकेका फ्रेमला लांबलचक एक्सपोजर द्यावं लागतं, म्हणजे फिल्मवर बराच वेळ प्रकाश पडू द्यावा लागतो. यान टोकापासून टोकापर्यंत रेखीव दिसतं ते त्या चिकाटीमुळे.

वेगाचंही गणित आहे. समजा, कोसळणारा मनोरा १:१६ मापात बांधला. छोटा मनोरा खऱ्याच्या एक चतुर्थांश वेळातच जमिनीवर येतो, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. म्हणून तो चौपट वेगाने चित्रित करायचा, सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम, आणि दाखवताना २४ नेच दाखवायचा. हे चुकलं की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण ‘खेळणं वाटतं’ हे लगेच कळतं. पाणी आणि आग मात्र या गणितालाही दाद देत नाहीत. थेंब काही १६ पट लहान होत नाही. जुन्या सिनेमांतली मॉडेलची जहाजं समुद्रात पितळ उघडं पाडतात ती याच कारणाने.

आता मॉडेलं कमी झाली, पण गोष्ट तीच आहे. संगणकावर केलेला यानाचा पहिला रेंडर (संगणकाने काढलेलं तयार चित्र) माझ्यापुढे येतो तेव्हा तो बहुधा खेळण्यासारखाच दिसतो. सगळीकडे सारखा प्रकाश, सगळ्या कडा सुरीसारख्या, आणि यान झपकन जातं. पहिल्यांदा वेग कमी करायला सांगतो. मग कुठेतरी माणसाच्या उंचीच्या खिडक्या आणि एकदोन जागी शिडी लागते, कारण शिडीची पायरी किती उंच असते हे प्रत्येकाच्या पायाला ठाऊक आहे. मग यानाचं लांबचं टोक किंचित फिकट करतो. इथे जाणकार हटकतील: अंतराळात हवा नाही, मग लांबचं फिकट कसं होईल? होत नाहीच. ही शुद्ध लबाडी आहे आणि आम्ही जवळपास सगळेच ती करतो. जमिनीवर वाढलेला डोळा ‘फिकट म्हणजे दूर’ हे शिकूनच मोठा झालेला असतो.

ही सवय किती खोल आहे त्याचा दाखला चंद्रावरचा आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल कोन नावाच्या विवराच्या काठाकडे चढत निघाले. हवा नसल्याने दूरच्या टेकड्याही जवळच्यासारख्या स्पष्ट. झाड नाही, घर नाही, खांब नाही. समोरचा दगड मडक्याएवढा की खोलीएवढा, हे जवळ गेल्याशिवाय कळायला मार्ग नाही. ते काठाच्या अगदी जवळ पोचले होते, तरी काठ दिसला नाही आणि वेळ संपत आल्याने परत फिरले. प्रशिक्षित अंतराळवीरांची ही गत, तर खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला माप द्यायलाच हवं. ‘एलियन’मध्ये (१९७९) रिडली स्कॉट यांनी काही लांबच्या दृश्यांत स्वतःच्या मुलांना छोटे अंतराळपोशाख घालून उभं केलं होतं. माणसं लहान दिसली, सेट मोठा झाला. खर्च जवळपास शून्य!

मापाइतकाच प्रकाशही महत्त्वाचा, आणि त्यातही चेहऱ्यावरचा. पार्श्वभूमी कितीही देखणी असो, नटाच्या गालावर त्या जगाचा प्रकाश पडलेला नसेल तर तो माणूस त्या जगात नाही, हे प्रेक्षक क्षणात ओळखतो. हिरव्या पडद्यासमोर शूट केलेल्या चेहऱ्यावर मागाहून सूर्य चढवायला मी रात्री घातल्या आहेत, आणि तो कधीच खऱ्यासारखा बसत नाही. ‘ग्रॅव्हिटी’साठी (२०१३) इमॅन्युएल लुबेझ्की यांनी नटाभोवती एलईडी दिव्यांची मोठी पेटी उभी केली. नट जागेवर आणि पृथ्वीचा निळा उजेड त्याच्याभोवती फिरणारा. पडद्यावर माणूस गरगरताना दिसतो, प्रत्यक्षात गरगरत असतो तो प्रकाश. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) यानाच्या सेटबाहेर मोठे पडदे लावून अंतराळाची दृश्यं प्रोजेक्टरने टाकली होती, त्यामुळे खिडकीबाहेर पाहणारा नट खरोखर काहीतरी पाहत होता.

त्याच सिनेमातलं कृष्णविवर घ्या, कारण ‘नुसतं डोळे दिपवणं’ या आरोपाला ते चांगलं उत्तर आहे. चित्रकाराने कल्पनेने रंगवलेला तो भोवरा नाही. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं दिली आणि डबल निगेटिव्ह या स्टुडिओने त्यावरून प्रकाशाचे मार्ग काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. विवराभोवतीच्या तेजस्वी चकतीचा मागचा भाग खरं तर विवराआड लपायला हवा. पण तिथून निघालेला प्रकाश गुरुत्वाकर्षणाने वळून येतो, म्हणून तो विवराच्या वर आणि खाली कमानीसारखा दिसतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम गाळली आहे. चकती प्रचंड वेगाने फिरते, त्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू खूप उजळ आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. माझ्या मते ते बरोबर केलं. पडद्यावर काही क्षण टिकणाऱ्या चित्रात एकच नवल ठेवावं, दोन ठेवली की एकही पोचत नाही. पण मूळ नियम खरा असल्यामुळे त्या चित्राला एक शिस्त आहे, आणि ती समजली नाही तरी जाणवते. नुसत्या कल्पनेच्या भोवऱ्यात ती नसते. तो कितीही चमकवला तरी दुसऱ्यांदा पाहताना फिका पडतो.

आता वेळ. टीव्हीवर जांभया आल्या त्या बहुतेक इथेच. ‘२००१’मध्ये पहिली सुमारे २५ मिनिटं एकही संवाद नाही. ‘ग्रॅव्हिटी’चा पहिला शॉट, कट नसल्याचा भास देत, १३ मिनिटांच्या घरात जातो. हे शॉट लांबले आहेत ते दिग्दर्शकाला स्वतःच्या कामाचा मोह सुटत नाही म्हणून नव्हे (तसेही असतात, ते ओळखू येतात). मोठ्या चित्रात नजरेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायला वेळ लागतो. पहिल्या दोन सेकंदांत ती सर्वांत उजळ जागा गाठते, मग माणूस शोधते, मग त्या माणसाच्या मापाने बाकीचं मोजायला लागते. ‘केवढं मोठं आहे हे’ हा झटका त्यानंतर येतो. तिसऱ्या सेकंदाला कट केला तर झटका येतच नाही, उरते फक्त माहिती: यान आहे, ग्रह आहे. टीव्हीवर तेच चित्र नजरेच्या एका फेऱ्यात संपतं आणि उरलेली सेकंदं रिकामी जातात. त्या रिकाम्या सेकंदांना आपण संथ सिनेमा म्हणतो.

कॅमेरा फिरवण्यालाही वेळेचं बंधन आहे. सेकंदाला २४ फ्रेमच असल्याने कॅमेरा आडवा झटकन फिरला की चित्र अडखळतं. छायाचित्रणातला जुना ठोकताळा असा की एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण ७ सेकंद घ्यावीत. पडदा जितका मोठा तितकं अडखळणं जास्त टोचतं. म्हणून मोठ्या पडद्यासाठी विचार करणारे दिग्दर्शक कॅमेरा सावकाश हलवतात आणि भव्य सिनेमे मंद वाटतात.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, कारण तो माझा प्रांत नाही. खालच्या पट्टीचा आवाज कानापेक्षा छातीत ऐकू येतो, आणि हेडफोनवर नेमकी तीच गोष्ट हरवते. दुसरं म्हणजे शांतता. ‘ग्रॅव्हिटी’त पोकळीतल्या स्फोटांना आवाज नाही, पात्राचा हात ज्या वस्तूला लागलेला असेल तिची थरथर तेवढी हातमोज्यातून आल्यासारखी दबून ऐकू येते. डोळ्यासमोर अख्खं स्थानक चिंधड्या होतंय आणि कानात फक्त श्वास. थिएटर शांत असेल तर अंगावर काटा येतो. शेजारी कुणी पाकीट फोडत असेल तर सगळं मुसळ केरात.

आता कथेचं. चार वाक्यांत संपली हे ऐकून मला वाईट वाटलं नाही. अशा सिनेमात कथेचा बराच भार जागा उचलते. एक माणूस गोल भिंतीवरून धावतोय, डोक्यावर खुर्च्या टांगल्यासारख्या दिसताहेत, आणि तो धावत धावत त्याच खुर्च्यांपाशी पोचतो. ‘२००१’मधल्या या दृश्यासाठी ३८ फूट व्यासाचं खरं फिरणारं चाक बांधलं होतं. त्या माणसाचं एकटेपण आणि दिनक्रमातला तोच-तोचपणा सांगायला तिथे संवाद लागत नाही. तुम्ही कथा सांगायला बसलात तर हे दृश्य गळून जाणार. ‘तो व्यायाम करतो’ असं कुणी सांगत नाही.

पण म्हणून देखण्या सिनेमाला सगळं माफ, असंही नाही. बडा घर पोकळ वासा या जातीचे सिनेमे मी पाहिलेत आणि त्यांच्यासाठी कामही केलंय. ते ओळखायची माझी एक साधी चाचणी आहे. आठवड्याने कागद घ्या आणि त्या यानाचा किंवा शहराचा ओबडधोबड नकाशा काढा. झोपायची जागा कुठे, दार कुठे, धोका कुठल्या बाजूने आला? काढता आला तर त्या सिनेमाने तुम्हाला खरोखर तिथे नेलं होतं. ‘सगळं फार भव्य होतं’ याखेरीज काहीच आठवत नसेल, तर पडदा मोठा होता इतकंच. शहरं उद्ध्वस्त करणाऱ्या सिनेमांत हे हमखास होतं. कॅमेरा सतत घिरट्या घालतो, पाय टेकायला जागा देत नाही, इमारती कोसळत राहतात आणि विसाव्या इमारतीला आपण घड्याळ पाहतो. तुम्ही पाहिलेल्या सिनेमावर ही चाचणी करा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा ती नेमकं देईल.

घरी पाहायचाच असेल तर निम्मी लढाई जिंकता येते. ५५ इंची टीव्हीसमोर पावणेदोन मीटरपेक्षा जरा आत बसलं की कोन ४० अंशांचा होतो. घरच्यांना ते विचित्र दिसेल, दिसू द्या. दिवे बंद करा आणि पहिल्या दृश्याआधी दहा मिनिटं तरी बंद ठेवा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात. टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग आधी बंद करा. ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसडतं आणि कोट्यवधींचा सेट मालिकेसारखा दिसायला लागतो. फिल्ममेकर मोड (चित्र दिग्दर्शकाने ठेवलं तसंच दाखवणारी सेटिंग) असेल तर तो लावा. एका बाबतीत घर वरचढही ठरतं: ओएलईडी टीव्हीवर काळा रंग खरोखर काळा असतो. साध्या प्रोजेक्टरला ते जमत नाही, तिथे अंतराळ गडद राखाडीच दिसतं. आमच्या कामातल्या अंधारातल्या बारीकसारीक गोष्टी मी स्वतः घरी जास्त नीट पाहतो.

थिएटरात जागा निवडताना पडद्यापासूनचं अंतर त्याच्या रुंदीच्या सव्वा ते दीड पट, आणि शक्यतो मध्यावर. नुसतं आयमॅक्स हे नाव पाहून खूश होऊ नका. ७० मिलिमीटर फिल्मचा मूळ आयमॅक्स पडदा १.४३:१ म्हणजे जवळपास चौकोनी आणि उंच असतो, तर बऱ्याच डिजिटल आयमॅक्स पडद्यांचं प्रमाण १.९०:१ असतं. सिनेमा कुठल्या प्रमाणात चित्रित झालाय ते आधी पाहावं. ‘ड्यून’सारख्या सिनेमात काही दृश्यांत चित्राची उंचीच वाढते आणि साध्या पडद्यावर तो भाग कापलेला असतो.

राहिली डोकेदुखी. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन गोष्टी एकदम होतात: डोळे आतल्या बाजूला वळतात आणि भिंग जवळच्या अंतरावर बेततं. थ्रीडीत वस्तू पडद्याच्या पुढे आल्याचा भास होतो, म्हणून डोळे तिच्यावर वळतात, पण प्रकाश येत असतो पडद्यावरून, म्हणून भिंगाला तिथेच थांबावं लागतं. जन्मभराची जोडी तोडून दोन तास काम करायचं, मग स्नायू कुरकुरणारच. त्यात चष्मा बराच प्रकाश खातो. साध्या, टूडी खेळाला पडद्यावर ४८ निट (निट हे उजेड मोजायचं एकक) उजेड अपेक्षित असतो; थ्रीडीत डोळ्यापर्यंत त्याचा लहानसा हिस्सा पोचतो आणि अंधारी दृश्यं चिखलासारखी दिसतात. गरगरणं हे वेगळं: डोळे सांगतात आपण उडतोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय. तसं झालं तर नजर पडद्याच्या कडेकडे किंवा समोरच्या खुर्चीकडे न्या, अर्ध्या मिनिटात बरं वाटतं. थ्रीडी पाहायचंच असेल तर मधली, थोडी मागची जागा घ्या आणि दिग्दर्शकाने ज्यावर फोकस ठेवलाय तिथेच पाहा. पुढे तरंगणारा धूसर कण स्पष्ट करायचा प्रयत्न करू नका, तो कधीच स्पष्ट होणार नाही. आणि सिनेमा थ्रीडीत चित्रित झालाय की मागाहून रूपांतरित केलाय ते पाहा. रूपांतर चांगलं असू शकतं, ‘ग्रॅव्हिटी’ मागाहूनच थ्रीडी केला होता. पण घाईत उरकलेलं असेल तर माणसं पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक उभी केल्यासारखी दिसतात. तशा सिनेमाचं तिकीट मी टूडीचंच काढतो, आणि डोकं दुखत असेल तर तुम्हीही तेच करा.